दोन माशांचं पाणी

उज्ज्वलाचे दोन्ही सोनेरी मासे पोट वर करून तरंगताना दिसले, तेव्हा गजेंद्र मास्तर दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते काचेच्या पेटीपाशी आले, पाण्यात बोट बुडवून नाकाशी नेलं आणि म्हणाले, "क्लोरीन."

हे मास्तर शाळेतले नव्हते. सुरतेजवळ पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, ते डाइंग मास्तर होते. कापडाचा रंग फसला की बाकीचे लोक रंग विकणाऱ्याला शिव्या देत. मास्तर आधी पाण्याची चौकशी करत. पारोळ्याहून सुरतेला आल्यापासून त्यांनी पाण्याच्या पारखीशिवाय दुसऱ्या कशाचा एवढा अभिमान बाळगला नव्हता. अपवाद फक्त लेकीचा. सातवीत ती विज्ञानात वर्गात पहिली आली, म्हणूनच तर ही पेटी घरात आली होती.

"काल तर चांगले पोहत होते," उज्ज्वला रडवेली होऊन म्हणाली. "आईने सकाळी पाणी बदललं."

"मी चांगलं ताजं नळाचं पाणी घातलं," सुषमाबाई आतून म्हणाल्या. "आपल्या घरी आलेल्याले कोणी शिळं पाणी देस का?"

त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. खानदेशी घरात रोज सकाळी हंडा उपडा करून घासायचा आणि नव्याने भरायचा, हा नेम. पण चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साथीनंतर सुरतेच्या नळाला क्लोरीन भरपूर येई. माणसांनी तो आनंदाने पचवला होता. माशांना साथीची काही कल्पना नव्हती.

संध्याकाळी बापलेक उधना दरवाज्याजवळ बन्सीलालच्या माशांच्या दुकानात गेले. बन्सीलालने नवी जोडी पिशवीत भरली आणि समोर दोन बाटल्या ठेवल्या, एक निळी, एक पांढरी.

"आ निळी, फक्त क्लोरीन माटे. आ पांढरी, क्लोरीन पण काढे ने माशाच्या अंगाला पण चांगली. बादलीला पाच थेंब नाखा, बस."

"यात काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"दवा छे, साहेब."

मास्तरांनी निळी बाटली उजेडात धरली, हलवली, हुंगली आणि लेकीकडे वळले. कुठेही शिकवायची संधी मिळाली की त्यांचा आवाज मऊ होई. "हे बघ बेटा, आम्ही कापड क्लोरीनने पांढरं करतो. तो क्लोरीन धाग्यात राहिला तर पुढे रंग फाटतो. म्हणून काय टाकतो? हायपो. साखरेसारखे खडे असतात. हायपो क्लोरीनला बांधून टाकतो. या बाटलीत तोच हायपो आहे, पाण्यात विरघळवलेला."

"मग घ्यायची ना बाटली?"

"डाइंग मास्तरची पोर थेंब मोजत बसणार?" मास्तर हसले. "लोक काय म्हणतील?"

बन्सीलालने दोन्ही बाटल्या परत फळीवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ओळखीच्या केमिकलवाल्याकडून हायपो आणला. पण अडचण मापाची होती. मास्तरांचा हात हजारो लिटरच्या पाण्यावर बसलेला. बादलीला किती, हे त्यांना आयुष्यात कधी कोणी विचारलंच नव्हतं. चिमूटभर टाकावा तर जास्त होईल अशी भीती, आणि आपली ड्युटी असताना लेकीने अंदाजाने टाकला तर आणखी भीती. शेवटी त्यांना आपल्या धंद्याला शोभेल असा मार्ग सुचला. ते राहत त्या गिरणा सोसायटीच्या चोवीसही घरांना पाणी येई ते गच्चीवरच्या एकाच टाकीतून. त्या टाकीचं माप मास्तरांना तोंडपाठ होतं.

"तुम्ही कसाले वर चढी ऱ्हायनात?" सुषमाबाईंनी जिन्यात विचारलं.

"रोग मुळाशी मारायचा असतो," असं म्हणून मास्तर हिशोबाने बांधलेली पुडी घेऊन गच्चीवर गेले. त्या दिवसापासून रोज सकाळी टाकी भरली की एक पुडी आत पडू लागली.

मासे नुसते जगले नाहीत, तर बाळसं धरू लागले. आणि नवल म्हणजे माणसंही खूश झाली. "मास्तर, हल्ली चहा पारोळ्याच्या विहिरीच्या पाण्याचा लागस हो," शेजारच्या अनुसयाबाई म्हणाल्या. मास्तर नुसतेच हसले. केलेल्या कामाची जाहिरात करायची नाही, असा त्यांचा बाणा होता. घरी मात्र त्यांनी उज्ज्वलाला सगळं समजावून सांगितलं, आणि तिनेही ते मन लावून ऐकलं.

याच सुमारास गिरणा सोसायटीचं नाव वॉर्डातल्या 'आदर्श सोसायटी'च्या पाटीसाठी पुढे आलं होतं. सेक्रेटरी सुकलाल अण्णांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. जिने धुऊन घेतले होते, फाटकासमोर नव्या फरशा बसवल्या होत्या, पानाच्या पिचकाऱ्यांवर स्वतः उभं राहून चुना मारून घेतला होता. आता पालिकेच्या आरोग्य खात्यातले वैद्य नावाचे साहेब येऊन पाणी तपासणार आणि पाटी लागणार, एवढंच उरलं होतं. त्या कामाला अण्णांनी मास्तरांनाच सुट्टी काढायला लावून थांबवून घेतलं. "पाण्याचं तुम्ही बघा मास्तर. आपल्याकडे तुमच्यासारखा माणूस आहे, साहेबाले कळू द्या."

वैद्य साहेब आले. त्यांनी अण्णांच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी वर धरली. "पिवळं झालं पाहिजे. म्हणजे क्लोरीन आहे."

पाणी पिवळं झालं नाही. अनुसयाबाईंच्या नळाचंही झालं नाही. पहिला मजला झाला, दुसरा झाला. नळी आपली आरशासारखी स्वच्छ. मास्तरांची नजर गच्चीच्या जिन्याकडे गेली.

"शेजारच्या सोसायटीत तर छान पिवळं आलं," वैद्य साहेब गंभीर झाले. "म्हणजे मेन लाइन ठीक आहे. फाटकापासून तुमच्या टाकीपर्यंत कुठेतरी पाइप फुटलाय. घाण पाणी आत शिरत असेल आणि क्लोरीन खाऊन टाकत असेल. हे पाणी कोणी पिऊ नका."

सोसायटीत एकच गलका झाला. अनुसयाबाईंनी उकळलेला चहा मोरीत ओतला. ज्यांचं पोट सकाळी उत्तम होतं, त्या तिघांचं दुखायला लागलं. चौऱ्याण्णव साली तोंडाला रुमाल बांधून स्टेशनकडे पळालेली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"मास्तर, तुम्हाला काय वाटतं?" अण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं.

सांगून टाकावं असं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण चोवीस घरं टक लावून बघत होती, आणि त्या सगळ्या डोळ्यांत आपल्या माणसाबद्दलचा विश्वास होता. मास्तर खाकरले. "पाइप... जुना आहे तसा."

मास्तरांसारख्या माणसाने पाइपवर बोट ठेवल्यावर मग काय बघायचं? पालिकेची माणसं कुदळी घेऊन आली आणि फाटकासमोरच्या नव्या फरशा उखडायला लागली. अण्णा प्रत्येक फरशीबरोबर थोडे थोडे खचत होते. मास्तर खड्ड्याच्या काठावर उभे होते आणि तो खड्डा आपल्याच मापाचा आहे असं त्यांना वाटत होतं. पाइप उघडा पडला. धडधाकट, कोरडा ठणठणीत.

"आणखी पुढे खणा," वैद्य साहेब म्हणाले. "क्लोरीन हवेत तर जाणार नाही. काहीतरी आहेच."

तेवढ्यात शाळेतून उज्ज्वला आली. गर्दी बघून पुढे घुसली. "काय झालं, काका?" तिने वैद्य साहेबांना विचारलं.

"पाण्यातला क्लोरीन नाहीसा झालाय, बाळ. तो का टाकतात, माहीत आहे का?"

विज्ञानात पहिली आलेली मुलगी ती. ताठ उभी राहिली. "जंतू मरावेत म्हणून. पण माशांना तो चालत नाही, त्यांचे कल्ले जळतात. म्हणून माशांच्या पाण्यात हायपो टाकतात."

"अरे वा!" साहेब खूश झाले. "आणि हायपो काय करतो?"

मास्तर दोन पावलं पुढे सरकले. भीती होतीच, पण छाती मात्र आपोआप पुढे आली होती. एवढ्या माणसांत, पालिकेच्या साहेबासमोर, पोरगी कशी फडाफडा बोलत होती!

"हायपो टाकला की क्लोरीन उडून जातो," उज्ज्वला म्हणाली.

"उडून नाही जात, बेटा," मास्तर म्हणाले. "किती वेळा सांगितलं? हायपो त्याला बांधून टाकतो. उडून जायला तो काय कापूर आहे? आपल्या टाकीतला क्लोरीन कुठे उडाला का? तिथेच आहे, फक्त बांधलेला."

कुदळी थांबल्या.

वैद्य साहेबांनी हळूच मान वळवली. "कुठल्या टाकीतला, मास्तर?"

पुढचं सगळं मास्तरांनी खालच्या आवाजात, पण क्रमवार आणि नीट समजेल असं सांगितलं. दुसऱ्या पद्धतीने सांगणं त्यांना जमतच नसे. ऐकून झाल्यावर सुकलाल अण्णा खड्ड्याच्या काठावर मटकन बसले. "दोन माशांसाठी चोवीस घरं, मास्तर?"

"दोन नाही, अण्णा," उज्ज्वला म्हणाली. "आता त्यांना पिल्लंही होणार आहेत."

टाकीतल्या पुड्या बंद झाल्या आणि पाटी शेजारच्या सोसायटीला गेली. फरशा मास्तरांनी स्वतः उभं राहून पुन्हा बसवून घेतल्या. बरेच दिवस अण्णा त्यांना बघून रस्ता बदलत. बोलले ते घरातल्या नातवाने माशांसाठी हट्ट धरला तेव्हा. त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून उज्ज्वलाचं ऐकलेल्या निम्म्या पोरांनी घरोघरी तोच हट्ट धरला होता. बघता बघता गिरणा सोसायटीत पाच-सहा पेट्या आल्या. बन्सीलालच्या दुकानातून उज्ज्वलाने स्वतः निवडलेली पांढरी बाटली आता घराच्या कपाटावर असे, आणि पाणी बदलायच्या दिवशी पोरं भांडी घेऊन तिच्या दारात जमत.

अण्णाही एकदा नातवाला घेऊन, त्याची नवी पेटी हातात धरून आले. दारात मास्तर पेपर वाचत बसले होते. अण्णा जरा घुटमळले. "मास्तर, एवढ्या पेटीला किती थेंब लागतील हो?"

मास्तरांनी पेपर बाजूला ठेवला, पेटीकडे बघितलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"अण्णा, पप्पांना नका विचारू," उज्ज्वला आतून म्हणाली. "ते टाकीच्या मापाने सांगतात. आधी पेटीत पाणी किती मावतं ते सांगा, मग मी थेंब सांगते."

अण्णा गालात हसले. मास्तरांनी पुन्हा पेपर तोंडासमोर धरला आणि त्याच्या आडून सुषमाबाईंना हळूच म्हणाले, "ऐकलंस? आधी माप विचारलं. माझी पोर आहे."