फुली म्हणजे रिजेक्ट

"निशान कहाँ गया?" मशीनवाली मॅडम ओरडली अन् माह्या हातातून पोरीची दुधाची बाटलीच पडली.

मामाजीच्या पोटावरची फुली गायब! तिच्या जागी मोठा गोल, अन् आत लिहिलेलं, ओके.

मामाजी म्हणजे माहे सासरे. प्लांटात जिंदगीभर लोखंडाच्या प्लेटीवर मार्का मारला. गोल म्हणजे पास, फुली म्हणजे रिजेक्ट, चालली भंगारात. रिटायर झाले, पण खिशातला खडू काई गेला नाई. आमच्या मरोद्याच्या घरी कुकरवर गोल, गळक्या बादलीवर फुली. नंदेले पाहाले पोरगा आला, तं त्याच्या गाडीच्या सीटवर फुली मारून आले. "माल टेढा हाय," म्हणे.

आता त्याईच्या लघवीच्या पिशवीत कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरनं दुर्बीण टाकून गाठीभोवती बारक्या बारक्या खुणा लावल्या, रेडिएशनचा शेक बराबर तिथंच लागावा म्हणून. वरून पोटावर पेनानं फुली. पुसू नोका म्हणून बजावलं होतं. अन् यायनं खोबऱ्याचं तेल लावून घासली!

"मामाजी, कावून पुसली?"

"बिना तपासून रिजेक्ट करते? माल अजून चांगला हाय."

मॅडम म्हणे, "अंदर के निशान तो हैं. देखके फिर लगा देती हूँ."

मामाजीनं दोन्ही हातानं पोट झाकलं. "गोल मारा. फुली नाई."

"गोल से मशीन नहीं मिलती, बाबूजी!"

फुली नाई तं आज शेक नाई. अन् डॉक्टर म्हणे, एक दिवस नागा नाई पाहिजे. आमचे हे ड्युटीवर, फोन बंद. मी आठवी नापास, पोरगी कडेवर रडून राहिली, काय समजावू? मी मॅडमचा पेन घेतला अन् आपल्याच हातावर फुली मारली.

"पाहा, आता मीबी रिजेक्ट. चाला दोघं भंगारात!"

मॅडम हासली. मामाजी नाई हासले. अंगठ्याले थुक लावून माहा हात घासू लागले, लाल होईस्तोवर. "तू नाई, बाई. तुले लेकरू हाय. तू नाई."

मंग आडवे झाले, शर्ट वर केला. "मार वो मॅडम."

फुली झाली. मॅडम म्हणे, अब सब बाहर, शेक लागते तवा आत एकट्यालेच राहा लागते. मामाजीनं माहा हात सोडलाच नाई.

"लवकर येशीन?"

बाहेर पेशंटची लाईन लागली होती. मी त्याईची बोटं एक एक करून सोडवली. तुमी काय केलं असतं?