गुरलिंगअप्पा आणि तिसरी पेटी

गुरलिंगअप्पांना नमस्कार केला की ते आधी मागं वळून बघत. मागं कुणी नाही, नमस्कार आपल्यालाच आहे, अशी खात्री पटली की विचारत, "कावून?" म्हणजे, कशासाठी?

आता याला काय उत्तर द्यायचं? परळीजवळच्या ज्या साखर कारखान्यात मी ऊस खात्यात कारकून होतो, तिथं नव्या माणसाचा पहिला दिवस या "कावून"नंच सुरू व्हायचा. प्रसादाचा पेढा दिला तर अप्पा तो हुंगून बघत. "कुठल्या देवाचा?" वैजनाथाचा म्हटलं तर, "मग बेलपान कुठाय?" एकदा त्यांनी रजा मागितली आणि साहेबांनी लगेच दिली. त्या दिवशी अप्पा सकाळी सगळ्यांच्या आधी कामावर हजर. म्हणाले, "मागितली की दिली? माझ्यामागं काय शिजवायलेत, बगाय नको?"

अप्पा टेलिफोन खात्याचे प्रमुख. देशाची दारं उघडली, असं पेपरात रोज छापून यायचं, ती वर्षं. त्या दारातून आमच्याकडं कॉम्प्युटर आले. वायरी आल्या की अप्पा आले, या न्यायानं कॉम्प्युटरची खोलीही त्यांच्याकडंच गेली. त्या खोलीत लोखंडी मांडणीवर दोन चपट्या पेट्या होत्या. समोर छिद्रांची रांग, एकेका छिद्रातून निघालेली वायर एकेका कॉम्प्युटरला. अशा पेटीला स्विच म्हणतात, असं कळल्यावर अप्पांचा पहिला प्रश्न, "मग बटन कुठाय?"

दोन्ही पेट्या मागून एका जाड केबलनं जोडलेल्या. त्यामुळं दोन असून त्या एकीसारख्या वागत. वरची मास्टर, खालची तिचं ऐकणारी. अप्पांना हे पटलं नाही. "समोर ऐकत आसंल. मागं काय बोलती, कुणाला ठाव?" म्हणून त्या मांडणीला त्यांनी जाळीचं दार करून घेतलं आणि दाराला कुलूप. परळीच्या थर्मल वीज केंद्राची राख सगळीकडं उडायची, ती आत जाऊ नये म्हणून वरून जुनं धोतर. बाहेरून आलेल्याला वाटायचं, आत पिंड आहे.

एका गळीत हंगामात गेटवर दुसरा वजनकाटा बसला. काट्याचा कॉम्प्युटर जोडायला छिद्रच शिल्लक नव्हतं, म्हणून तिसरी पेटी मागवली. ती जोडायला औरंगाबादहून इंजिनिअर आली. पंचविशीतली मुलगी, खांद्याला पिशवी.

"नाव?"

"सुजाता कांबळे."

"गाव?"

"नांदूरघाट."

"नांदूरघाटात कुणाच्या?"

"कांबळे गुरुजींची मुलगी. तुम्ही ओळखता?"

"न्हाई. म्हणून तर इचारलं."

एक सांगायला हवं. अप्पांच्या संशयात जातपात नव्हती, बाईमाणूस नव्हतं. तो सगळ्यांवर सारखाच असायचा. आमच्या साहेबांवर तर किंचित जास्त.

सुजाताबाईंनी आधी नवी पेटी बाजूला टेबलावर घेतली, तिला आपल्या कॉम्प्युटरवरून सगळं शिकवलं. अप्पा स्टुलावर बसून बघत होते. "आत्ता काय घातलं तिच्यात?"

"मास्टर जुनीच राहील, असं सांगितलं तिला. नाहीतर नवी आल्या आल्या मालकीण व्हायची."

अप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "बग जाधवा. म्या म्हणलतो का न्हाई, ह्या पेट्यांची जातच वंगाळ."

मग तिसरी पेटी दोघींच्या खाली चढली, मागची केबल जोडली गेली, दुसऱ्या काट्याची वायर तिच्यात खोचली. गेटवरून निरोप आला, काटा चालू झाला. सुजाताबाई स्वतः खात्री करायला गेटवर गेल्या. खोलीत मी आणि अप्पा.

तिसऱ्या पेटीवरचा एक हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता. अप्पा वाकून बघत राहिले.

"जाधवा, ही डोळे मारायली."

"अप्पा, काटा चालू आहे म्हणून ते—"

"आपल्याकडं बगून न्हाई मारत. दुसऱ्या कुणाला तरी मारती."

मी हो-नाही म्हणेपर्यंत त्यांनी मागं हात घालून जाड केबल उपसली. दिवा थांबला. अप्पांना समाधान वाटलं. तेवढ्यात गेटवरून आरडाओरडा सुरू झाला.

दुसरा काटा बंद पडला होता. बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. उन्हात ऊस वाळतो, वजन घटतं आणि गाडीवानाचं डोकं तापतं. एकानं तर जू सोडून बैलच ऑफिसच्या दारात आणून उभे केले. सुजाताबाई धावत आल्या. त्यांनी मागं बघितलं, लोंबणारी केबल बघितली, मग अप्पांच्या हाताला लागलेली राख बघितली. केबल पुन्हा जोडली. पेटी पहिल्यापासून सुरू व्हायला लागली आणि तेवढ्यात साहेब दारात.

"कुणी केलं हे?"

अप्पा सुजाताबाईंच्या तोंडाकडं बघत होते.

"केबल सैल राहिली, सर," त्या म्हणाल्या. "माझ्याकडूनच. आता येईल काटा."

साहेब जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. "बायकांना कशाला पाठवतात" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. काटा सुरू झाला, साहेब गेले. अप्पा तसेच उभे.

"कावून खोटं बोलल्या तुमी? काय पायजे तुमाला?"

"काही नको, काका."

"काही नको आसं नसतंय."

"बरं, मग चहा सांगा."

अप्पांनी चहा सांगितला नाही. ते तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि दार उघडं ठेवून, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "केबल म्या उपसली. त्या पोरीला बोललेलं माघारी घ्या." साहेबांनी घेतलं की नाही कळलं नाही, पण त्यांचा आवाज खाली आला.

संध्याकाळी सुजाताबाई आणि मी अंबाजोगाईच्या जीपमध्ये बसलो. मी तिथंच राहायचो. त्यांना पुढं केजची बस धरून गावी जायचं होतं. अप्पांनी ड्रायव्हरला लायसन मागितलं. ब्रेक दाबून दाखवायला लावला. तोंडाचा वास घेतला. जीप निघाली. घाटात मी सहज मागं बघितलं तर धुळीतून अप्पांची स्कूटर येत होती.

अंबाजोगाईच्या स्टँडवर ते आमच्या पाठोपाठ पोहोचले. भुवया राखेनं पांढऱ्या झालेल्या. कंडक्टरची उलटतपासणी झाली. सुजाताबाईंना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं. खिडकीतून त्या म्हणाल्या, "काका, कशाला एवढं आलात?"

"कुणाचा भरवसा हाय आजकाल?" अप्पा म्हणाले आणि दुसरीकडं बघू लागले.

बस गेली. मी म्हणालो, "अप्पा, आता निघा. घरी वाट बघत असतील."

"कोण?" त्यांनी विचारलं. या वेळी त्यात संशय नव्हता. "बायको गेली त्याला दोन दिवाळ्या झाल्या. लेक सोलापुरात, तिच्या संसारात." त्यांनी किल्लीनं स्कूटरच्या सीटवरची राख खरवडली. "घरी कुलूप माझंच, किल्ली माझीच. आत जाऊन संशय तरी कुणावर घ्यायचा बे?"

अप्पांनी हे कारखान्यात कुणालाच कळू दिलं नव्हतं. माझं घर स्टँडच्या मागंच होतं. मी म्हणालो, "आमच्याकडं जेवायला चला."

अप्पांनी माझ्याकडं निरखून बघितलं. ओठापर्यंत आलेलं "कावून" गिळलं आणि स्कूटर ढकलत माझ्याबरोबर चालायला लागले.