आभाळातल्या गटाचं वजन

आटपाट बोरी गाव होतं. तिथं सुगत राहायचा, धम्मशीला त्याची बायको. सुगत कॉलेजात क्लार्क. सुट्टीच्या दिवशी कानाला हेडफोन लावला, की हा माणूस घरात नसायचाच. कॉम्प्युटर गेममधलं यान घेऊन चांदण्यांत हिंडायचा. (जिंतूरच्या बसमध्ये मात्र त्याला ओकारी यायची.)

त्या आभाळातही गटबाजी होती, बरं का! एकेका ताऱ्यावर चार-चार गट. ज्या गटाची मिशनं, म्हणजे कामं, करावीत त्याचं तिथं वजन वाढायचं, बाकीच्यांचं घटायचं. आपला गट वर काढायला सुगत जिवाचं रान करत होता.

इकडं धम्मशीलाचा बचत गट. रविवारी दुपारी अध्यक्ष निवडायची होती. उभ्या दोघी, धम्मशीला आणि कुसुमबाई. गटासाठी पापडाचं मशीन आणायचं धम्मशीलाच्या लय मनात होतं. बाया ओसरीवर चहा घेत होत्या, तेवढ्यात आतून सुगत वालूरच्या बालाजीशी, खेळातल्या जोडीदाराशी, बोलायला लागला. हेडफोनवाल्याला आपला आवाज ऐकू येत नाही, गावाला येतो.

“बालाजी, घात झाला! नाव सारखं वाटलं म्हणून आठ दिवस दुसऱ्याच गटाची कामं केली. आपल्याच गटाचं वजन पडलं की रे!”

दगडाबाईनं कप खाली ठेवला. “तरीच! परवा सुगतराव कुसुमबाईचं दळण डोक्यावर घेऊन चालले होते.”

“थांब,” आतून आवाज, “आज भरपूर औषध पोचवतो. मग त्या गटाचा खेळ खलास!”

औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं, दुसरं काय? कुसुमबाईनं तोंडातला चहा तसाच जास्वंदीत टाकला. “धम्मशीले, एका खुर्चीपायी औषध?”

बाया पदर सावरत उठल्या. निवड पुढच्या रविवारवर गेली.

धम्मशीलानं वायर उपटली. सुगतनं गयावया करत समजावलं, की ते औषध खेळातल्या आजारी माणसांचं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे ज्याची कामं करावी, त्याचं वजन वाढतं?”

“बरोब्बर!”

“मग तुमी कुसुमबाईचं दळण कामून आणलं?”

सुगत उपटलेली वायर गुंडाळायला लागला.

“उठा. मिशन हाय.”

पहिलं मिशन कुसुमबाईच्या दारात. धम्मशीलाच्या हातचा कपभर चहा तिच्यासमोर स्वतः पिऊन दाखवायचा. मग दगडाबाईचं दळण, गटातल्याच नर्मदाबाईचं सिलिंडर, कुणाचं केवायसी. सुगत लाजत म्हणाला, “हिनं धाडलंय.” धम्मशीलानं त्याला सिलिंडरसकट माघारी फिरवलं. नाव घेतल्याबिगर वजन कुणाच्या नावावर चढणार? मग तो दारोदार ओरडायला लागला, “धम्मशीलानं धाडलंय!”

रविवारी सगळे हात धम्मशीलासाठी वर झाले, कुसुमबाईचासुद्धा. पापडाचं मशीन आलं, घराला बरे दिवस आले.

सुगत गिरणीत ऐटीत म्हणाला, “माझ्या गेममुळं घराचं वजन वाढलं!”

गिरणीवाल्यानं त्याला काट्यावर उभं केलं.

“घराचं वाढलं असंल, सुगतराव. तुमचं सहा किलोनं घटलंय. चला, उचला, अध्यक्षबाईंचं दळण झालंय.”