सांगलीत ओढ कमी आहे

सुभेदार महिपतराव यांनी मला फसवलं. माझी धडधाकट सायकल घेतली आणि बदल्यात मागं पडणारं घड्याळ दिलं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्यांच्याबद्दल चार बरे शब्द माझ्या तोंडून निघण्याचा धोका आहे.

मला फसवणं सोपं नाही. सांगलीच्या बाजारात मी पाठीवर गुळाच्या ढेपा वाहिल्या आहेत आणि त्याच बाजारात आज माझी पेढी आहे. ढेपेवर बोटानं टिचकी मारून आत ओल किती ते मी सांगतो. शेंगा घेतानासुद्धा शेंगवाला शेवटी हात जोडतो. अशा माणसाला एका फौजी गड्यानं उभ्याउभ्या गुंडाळलं. उभ्याउभ्या म्हणजे शब्दशः, कारण हा माणूस बसतच नाही.

सुभेदार पलटणीतून निवृत्त झाले, फलटणजवळचं गाव सोडलं आणि माझ्या दुकानामागच्या खोलीत राहायला आले. एकटेच. पाठ ताठ, मिशा पांढऱ्या, पाय सतत चालू. चहा चालत. भाकरी हातावर घेऊन अंगणात फेऱ्या. त्यांच्याशी बोलायचं तर बरोबर चालावं लागतं. नळाच्या पाण्यावरून मी त्यांच्याशी पहिलं भांडण काढलं, ते दुकानात सुरू झालं आणि कृष्णेच्या घाटावर संपलं. तोवर मला इतकी धाप लागली होती की माझी बाजू मांडायची राहूनच गेली.

"अवो, बसा की जरा!" मी घाटाच्या पायरीवर टेकत म्हणालो.

"न्हाई जमायचं, शेट. चालत्या माणसाचं घड्याळ हळू चालतं. डोंगरावर आमच्या क्याप्टनसाबांनी सांगितलंय. कुण्या मोठ्या शास्त्रज्ञाचा शोध हाय. बसला त्यो म्हातारा झाला."

"मग तुमच्या मिशा का पांढऱ्या?"

"त्या एका जागी बसून असत्यात."

हे झालं काळाचं. दुसरं खूळ ओढीचं. गुरुत्वाकर्षण हा शब्द त्यांना पसंत नव्हता. "एवढा मोठा शब्द बोलंपतूर वस्तू खाली पडती," असं म्हणायचे. ते नुसतं 'ओढ' म्हणत. माझ्या दुकानातल्या वजनकाट्यावर उभं राहायचे, तेही जागच्या जागी पाय हलवत, आणि काटा थरथरू लागला की हमालाला विचारायचे, "बघ रं, आज पृथ्वीला माझी ओढ किती हाय?" हमाल आकडा सांगायचा. "कालच्यापेक्षा कमी. रुसली वाटतं," असं म्हणून चालू पडायचे.

माणसं चंद्रावर जाऊन आली त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. बाजारात अजून तो विषय निघायचा. कुणी म्हणे, एवढ्या लांब गेले आणि दगडमाती घेऊन परत आले, तिथंच एखादा प्लॉट धरायचा. सुभेदार म्हणाले, "राहत्याल कसं? तिथं ओढच कमी. ओढ न्हाई तिथं माणूस टिकत न्हाई, गड्या."

आता सौद्याचं सांगतो.

एके दिवशी ते लंबकाचं घड्याळ छातीशी धरून दुकानात आले. शिसवी लाकडाची पेटी, पितळेचा लंबक, आवाज खणखणीत. "हे घ्या. बदल्यात तुमची ती सायकल द्या," म्हणाले. मला घड्याळ पाहताक्षणी आवडलं, म्हणून मी तोंड वाकडं केलं. मग आमच्या रीतीप्रमाणं मी रुमाल पसरला. आमच्याकडं देणंघेणं रुमालाखाली हातात हात घालून ठरतं. मागणारा समोरच्याची बोटं धरतो, जितकी बोटं तितकं मागणं. मला वाटलं, हा गडी सायकलीवर चार-पाच ढेपा गूळ मागणार. मी तयारीत होतो. त्यांनी एकही बोट धरलं नाही. नुसता हात माझ्या हातात ठेवला. आणि काढून घ्यायचं विसरले. मी समजलो, गरजू आहे. सौदा पक्का करून टाकला आणि बरं वाटून दोन कप चहा मागवला.

सायकल घेऊन हा माणूस गेला तो पायी. सायकल हातात धरून!

"अवो, बसून चालवा की!"

"तेच तर. चालवायची म्हंजे बसाय लागतं. आपल्याला नुसती संगतीला हवी."

माझी सायकल, आणि संगतीला!

घड्याळ मी गादीसमोरच्या भिंतीवर लावलं. आठवड्यातच मार्केटात कऱ्हाडकडचा एक उत्तम माल आला. सोन्यासारखा रंग, खडा असा की ढेप फोडली की कण मोजावेत. तो मीच घ्यायचा असं ठरवून बसलो होतो. घड्याळ बघून सावकाश निघालो. पोचलो तेव्हा सौदे आटोपले होते आणि माझा गूळ दुसऱ्याच्या गाडीत चढत होता. माझा जन्माचा वैरी असलेला एक व्यापारी मिशीत हसून म्हणाला, "या शेट. आज मुंग्या मोजायला आलात व्हय?"

मी रागानं लाल होऊन सुभेदारांच्या खोलीकडं गेलो. अर्थात ते फेऱ्या मारत होते. मीही मारू लागलो.

"घड्याळ मागं पडतंय तुमचं! फसवलंत मला!"

"घड्याळात खोट न्हाई, शेट. सांगलीत ओढ कमी हाय."

"काय कमी आहे?"

"ओढ. लंबकाला पृथ्वी ओढती तवा त्यो हालतो. ओढ कमी झाली की त्यो रेंगाळतो. आमच्या गावी लय ओढ हुती."

मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस. पण कुणी माल गळ्यात मारायला लागला की मला वास येतो. कॉलेजात शास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक माझ्याकडून गूळ नेतात, त्यांना विचारलं. ते पोट धरून हसले. म्हणाले, "विचार चुकीचा नाही, पण फलटण आणि सांगली यांच्यातल्या फरकानं घड्याळ इतकं मागं पडणार नाही. लंबकाखाली एक नट असतो. तो वर फिरवा, चालेल नीट."

म्हणजे फसवणूक सिद्ध झाली. शिवाय सुभेदार रोज सकाळी दुकानात डोकवायचे, माझं घड्याळ बघायचे, आपलं मनगट बघायचे आणि खुशीत पुढं जायचे. घड्याळ मागं आहे याची खात्री करून खूश होणारा विकणारा मी जन्मात पाहिला नव्हता.

मी घड्याळजीला बोलावलं. त्यानं घड्याळ उतरवून गादीवर आडवं ठेवलं आणि दार उघडलं. तेवढ्यात सुभेदार आले. रिकामी भिंत त्यांनी पाहिली. सायकल हातातून सुटली आणि दुकानाच्या पायरीवर आदळली. ती उचलायलाही ते वाकले नाहीत. आत आले आणि गुळाच्या ढेपेवर बसले.

बसले! हमाल हातातलं पोतं तसंच धरून बघत राहिला.

"नट फिरवला?" त्यांनी विचारलं.

"गंजलाय. तेल सोडलंय. आता फिरवतो," घड्याळजी म्हणाला.

"नगा फिरवू."

घड्याळजी माझ्याकडं बघू लागला.

"मीच शहाणपणा केला हुता, शेट. एका रजेत मंडळीला समदं समजावलं. ओढ कशी, लंबक कसा, खाली सोडला की घड्याळ कसं हळू हुतं. ती चुलीम्होरं बसून व्हय व्हय करत हुती. मला वाटलं, हिच्या डोक्यावरनं गेलं. रजा संपली त्या दिशी घड्याळ बघून निघालो, तर यष्टी कवाच गेलेली. घरी परत आलो, तर तिनं दोघांच्या भाकऱ्या थापून ठिवलेल्या."

"म्हणजे तिनं..."

"नट खाली केला हुता. घड्याळ हळू केलं की रजा लांबती, असं वाटलं तिला." ते मिशीत हसले. "आन लांबली की! पलटणीत उशिरा गेल्यावर पिठ्ठूची शिक्षा लागली. पाठीवर वजन बांधून मैदानाला फेऱ्या. पळताना हसतो म्हणून आणखी फेऱ्या."

"मग नट नीट नाही केला?"

"कशाला? पुढच्या रजेपासनं घरी आलो की मनगटातलं घड्याळ ट्रंकेत टाकायचो."

घड्याळजीनं हातातला पाना खाली ठेवला.

"क्याप्टनसाबांचं खरं निघालं, शेट. मी फिरत हुतो, ती एका जागी बसून. दर रजेला बघायचो, तिचे केस माझ्यापेक्षा जास्त पिकलेले. मग एकदा तार आली. त्या बारीला मला येळेत पोचता आलं न्हाई."

"मग दिलंत कशाला हे मला?" माझा आवाज वरचाच होता. तो मला खाली आणता येत नाही.

"खोलीत टकटक ऐकवंना. टाकवंना बी. तुमच्या दुकानात गलका लय. भिंत माझ्या खोलीला लागून. ऐकू येत न्हाई, पर पलीकडं हाय, एवढं कळतं."

नट अजून फिरला नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकला आणि तो कुणाला दिसू नये म्हणून घड्याळजीवर ओरडलो, "बघत काय बसलास? लाव वर! नटाला हात लावलास तर याद राख!"

"आणि तेल?"

"पुसून टाक!"

आता माझ्या दुकानात दोन घड्याळं आहेत, डावीकडं मी घेतलेलं नवं आणि उजवीकडं हे. गिऱ्हाइकं विचारतात, बरोबर कुठलं? मी सांगतो, सौद्याला जायचं तर डावीकडचं बघा, घरी थांबायचं तर उजवीकडचं.

पण फसवणूक ती फसवणूक. तसला गूळ पुन्हा बाजारात आला नाही, आणि तो माझ्या हातून गेला कारण फलटणकडच्या एका बाईला नवरा आणखी एक दिवस घरात हवा होता. त्या बाईला मी पाहिलेलं नाही आणि तिच्याशी भांडायची सोय आता उरलेली नाही. मग उत्तर कुणी द्यायचं? ज्यानं तिला लंबक शिकवला त्यानं. तो रोज सकाळी सायकल हातात धरून दुकानावरून जातो, आणि मी रोज गादीवरून ओरडतो, "सुभेदार, ह्याचं उत्तर पायजे मला! पण आधी आत या. बसा."