कर्जत मनोभार-स्थलांतर मंडळ

मन ही मुळात खर्चिक वस्तू आहे, ती सगळ्यांना परवडत नाही. सेहेचाळीस साली कर्जतला ती मोजक्या घरांत होती आणि ज्यांच्याकडे होती त्यांना तिचा फार जाच होई. बाकीच्या तालुक्याला पोट होतं, पाठ होती, पावसाळ्यात हिवतापही होता. मन मात्र कुठे आढळलं नाही (शोधायला कोणी गेलं नव्हतं, तो भाग वेगळा).

लढाई संपून लष्कराचा जुना माल लिलावात निघाला, तेव्हा आमच्या डॉक्टर हरिभाऊंनी एक यंत्र पैदा केलं. दोन लोखंडी टोप, मध्ये रबरी नळी आणि एक काटा. एका टोपाखालच्या माणसाचा मनस्ताप नळीतून दुसऱ्या टोपाखालच्या माणसात जाई. ताबडतोब मंडळ निघालं. चिटणीस मी.

यातलं तत्त्व जुनंच आहे. दुःख मरत नाही, बिऱ्हाड बदलतं, हे आपल्या आयाबायांना पूर्वीपासून ठाऊक. तिठ्यावर लिंबू-भाताचा उतारा ठेवायचा. जो ओलांडील त्याला पीडा. दोष एवढाच, की कधीकधी चांगल्या घरचा माणूस ओलांडून बसतो. यंत्रात ती भीती नाही. ओलांडणारा आधीच नेमलेला असतो. आणि अन्याय कसला डोंबलाचा? पुण्याची गाडी घाट चढते ती कर्जतला मागून इंजिन लावतात म्हणून. त्या इंजिनाला खंडाळ्यात हवापालटाला ठेवा, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

पहिले लाभार्थी विष्णुपंत वकील. वाचनालयाचं अध्यक्षपद हुकल्यापासून त्यांचं जेवण तुटलं होतं (फराळ चालू होता). दुसऱ्या टोपाखाली पोशीरची भागूबाई बसली. रेशनचे दिवस, बसणाऱ्याला मंडळ शेरभर तांदूळ देई.

पण काटा हलेना. हरिभाऊंनी तपासलं तर बाई आतून गच्च भरलेली. तिचा धाकटा पोरगा पोपट गेल्या भादव्यात तापाने गेला होता. आईच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय त्याला झोप येत नसे. गेला तेव्हाही मूठ सुटली नाही, मग पदर फाडून त्याच्याबरोबर द्यावा लागला. शास्त्रीय भाषेत याला पूर्वीची अडगळ म्हणतात. ती काढून वकीलवहिनींच्या, म्हणजे पद्मजाबाईंच्या, लोणच्याच्या बरणीत ठेवली आणि पुढचं काम सुरळीत पार पडलं.

विष्णुपंतांनी त्याच दिवशी श्रीखंडाची वाटी तिसऱ्यांदा पुढे केली. भागूबाई दुसऱ्या दिवशी भाताची आवणी करता करता चिखलातच ढसाढसा रडायला लागली. जाऊ आवडी म्हणाली, काय झालं गं?

"वाचनालयाचं अध्यक्षपद मला दिलं नाय गं."

वाचनालय म्हणजे काय, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

आपलं काहीतरी गेलंय हे बाईच्या ध्यानात यायला दिवस लागले. मग तिने अडाणीपणा केला. काढलेलं दुःख कुठल्यातरी तिठ्यावरच टाकलं असणार, असा तिचा हिशेब. नेरळपासून कशेळ्यापर्यंत दिसेल तो उतारा ती मुद्दाम ओलांडत सुटली. कोणाची नजर लागली, कोणाची ओकारी लागली, एका म्हशीचं आटलेलं दूधही अंगावर आलं. पोपट काही आला नाही.

इकडे विष्णुपंतांना सगळं गोड लागे, पण चव लागेना. हरिभाऊंनी बरणीतला एक थेंब जिभेवर दिला. काय सांगू, अस्सल माल! आमच्या घरातल्या दुःखांना असा कस नाही. त्यानंतर सभासद संध्याकाळी थेंब थेंब घेऊ लागले. गणेशोत्सवात विष्णुपंत मातृहृदयावर असे बोलले की मांडव रडला, आणि वाचनालयाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे एकमताने चालत आलं. भागूबाईला ते अजून मिळालेलं नाही.

शेवटी ती मंडळाच्या ओटीवर आली. रडली नाही, हेच वाईट होतं. पदर पुढे धरून उभी राहिली.

"ह्यो फाटका पदर दिसतो मला. पन नुसता फाटकाच दिसतो, सायेब. माज्या पोपटाचं दुख परत द्या. त्याचं तेवडंच ऱ्हायलं होतं माज्यापाशी."

मंडळाने सहानुभूतीपूर्वक विचार केला. ज्याला मन नाही त्याची दुःखावर मालकी कशी धरायची, असा विष्णुपंतांनी कायद्याचा मुद्दा काढला. शिवाय शंभर टक्के लाभार्थी समाधानी होते (नळीच्या दुसऱ्या टोकाला बसलेले मोजणीत धरत नाहीत). आणि बरणी संपली होती.

तळाशी थोडं चिकटलेलं होतं. वाया कशाला घालवा, म्हणून मी ते दौतीत ढवळलं आणि हा वृत्तान्त लिहायला घेतला. मघाशी त्या मुठीपाशी तुमच्या घशात काही दाटलं असेल, तर ते तिचं. आता जरा हलकं वाटत असेल, आपण किती हळवे असंही वाटत असेल; मालाचा गुणच तो.

भागूबाई अजून ओटीवर बसली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते. तुम्हालाही त्याच दाराने बाहेर पडायचंय. तेव्हा डोळे पुसून घ्या आणि तिने विचारलं तर सांगा, माझ्याकडे काही नाही.