धोतराचा आडोसा

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर हसण्यात राहून जाईल. आमचे शेजारी झिपरू नाना भर दुपारी, धोतर सोडून, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर वावराच्या बांधावर उभे होते. धोतर दोन्ही हातांत पडद्यासारखं ताणलेलं. पलीकडे आमच्या वावरात माझे वडील, आबा, पाठीवर पंप घेऊन कपाशीला औषध मारत होते.

"नाना, सरका ना, अंगवर उडी जाई."

"मना अंगवर उडू दे. येलवर नको."

वेल कसला, तर बांधाला लागलेला काकडीचा एकुलता एक वेल. पंप रिकामा होईपर्यंत नाना हलले नाहीत.

आमचं गाव धरणगावकडचं. गावात टीव्ही एकच होता आणि फवारापंप घरोघरी, तेव्हाची गोष्ट. नाना एकटेच "बाटलीनी बठ्ठी माटी मारी टाकी" म्हणत, म्हणजे औषधाच्या बाटलीने सगळी माती मारली असं सांगत फिरायचे. पोळ्याला लोक बैलांची शिंगं बघायचे, नाना घमेलं घेऊन बैलांच्या मागे. त्यांच्या ओट्यावर एक माठ असायचा. त्यात गोमूत्र, लिंबोळ्या, लसूण, तंबाखू सगळं आंबत पडलेलं. पाव्हणे आधी वारा कुठला ते बघायचे, मग खाट कुठे टाकायची ते ठरवायचे.

आणि एवढं करून पीक काय? आमच्याकडे बोंडं, नानांकडे अळ्या. मी एक अळी दाखवली तर म्हणाले, "तिलेबी पोट शे." जळगावला कॉलेजात मी नानांची नक्कल करायचे, अख्खं होस्टेल लोळायचं. धोतराचा किस्सा तर मी तेव्हाच मनात घोळवून ठेवला होता.

मग त्याच श्रावणात कानबाईचा सण आला. नानांची कमल लग्नानंतर पहिल्यांदाच सुरतहून माहेरी आली होती. कानबाईला सगळे भाऊबंद जमतात, पुरणाचे रोट होतात. पण रोट कुळातल्यांनीच खायचे. लग्न झालेली मुलगी परक्या कुळाची, तिला चालत नाही. आत पंगत बसली आणि कमल बाहेर ओट्यावर, त्या माठाशेजारी, पदराशी खेळत. मी तिच्यासोबत बसले.

नाना अर्ध्या पंगतीतून उठून आले. हात ओलाच.

"चाल माय, वावरमा."

मीही निघाले. म्हटलं, नवीन किस्सा मिळेल.

बांधावर नानांनी गवत बाजूला केलं, त्याच वेलाची एक जाडजूड काकडी तोडली, धोतराला पुसली.

"धुऊ दे ना, नाना," कमल म्हणाली.

"धवानं काम नई शे." हे वाक्य बोलायलाच नाना एवढे दिवस थांबले असावेत. "खाय. लहानपणे खाये तशी."

त्यांनी काकडी मोडली. मोठा तुकडा तिला, छोटा मला. कमलने सालासकट कचकन चावा घेतला.

"कशी शे?"

"गोड शे, नाना."

मी घास घेतला. कडू. म्हणजे किराइताच्या काढ्यासारखी कडू. मी कमलकडे बघितलं, ती दुसरा घास घेत होती. तिसरा घेतला. देठसुद्धा टाकला नाही.

नाना आमच्या वावराकडे हात करून मला म्हणाले, "तुना बापनी बाटलीवाली काकडी अशी लागस का?"

"नाही नाना," म्हटलं, आणि गिळली.

होस्टेलवर सगळ्यांनी नवीन किस्सा मागितला. धोतरापर्यंत सांगितला, पुढचा जमेना. तुमच्यावर कधी आलीय का अशी वेळ, कोणाची कडू काकडी गोड म्हणून खायची?