साबळे सरांचे सेल

साबळे सर गुरुवारी गेले. शुक्रवारी शाळा भरली.

आमच्या तीर्थपुरीच्या शाळेत ते पीटी शिकवायचे आणि मी ग्रंथालय सांभाळायचो. शिट्टी घेऊन मैदानावर येणारे पीटीचे सर सगळ्यांनी पाहिलेत. आमचे सर टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. सासऱ्यानं लग्नात गाणी ऐकायला दिलेल्या त्या यंत्रावर सर मुलींचा दम टेप करायचे.

कबड्डीच्या संघातल्या प्रत्येकीनं एका दमात होईल तेवढं 'कबड्डी, कबड्डी' म्हणायचं. प्रत्येकीची कॅसेट वेगळी, वर नाव. शनिवारी सगळ्यांना लिंबाखाली बसवून त्या ऐकवायच्या. सर घड्याळ धरून सेकंद मोजायचे. नवीचा दम कुठं तुटतो हे जुनीनं ऐकायचं आणि आठवडाभर तिला शिकवायचं. गाण्यांच्या कॅसेटी अशा एकेक करून संपल्या. सरांच्या घरी वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, मी गाणं लावाया गेले, तर कोणाची तरी पोरगी कबड्डी करून राह्यली."

स्वतः सरांना दमा होता. ग्रंथालयाचा जिना चढताना ते अर्ध्यात थांबून भिंतीवरची नोटीस वाचायचे. ती नोटीस सहा वर्षं तीच होती.

एका वर्षी सुमन संघात आली. पायांनी चपळ, पण चढाईला गेली की मध्येच दम तुटायचा आणि बाद व्हायची. अंकुशनगरच्या सामन्याला आठ दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, "सर, माझं नाव काढा. माझ्यात दमच न्हाई."

"मशीनला इचारू मंग," सर म्हणाले. "मशीन खोटं बोलत न्हाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कॅसेट लागली. आवाज निघाला तो घोगरा, जाडाभरडा, लांबच लांब.

"सर, ह्यो तर माझ्या आज्याचा आवाज हाय," सुमन म्हणाली. पोरी हसून लोळल्या.

"छाती भरली की आवाज जाड होतो," सर गंभीरपणे म्हणाले. "एकोणतीस सेकंद. मागच्या शनिवारी बावीस व्हते. आन् हिला म्हणे दम न्हाई."

मला राहवलं नाही. मी त्यांना बाजूला घेतलं. "सर, सेल उतरलेत. टेप हळू चालतोय. पोरीचा दम बावीसच असेल."

"तुम्ही आपले पुस्तकं बघा बरं, सर."

दर वर्षी सामन्याआधीच त्यांचे सेल उतरायचे, आणि दर वर्षी मी हेच सांगायचो. चांगला माणूस, पण यंत्रातलं काही कळत नाही, अशी माझी समजूत होती.

अंकुशनगरला शेवटची चढाई सुमनची होती. दोघींनी तिचा पाय धरला. ती आवाज न सोडता त्यांना ओढत निघाली, तिचा हात मधल्या रेषेला लागला, पंचांची शिट्टी झाली, तरी ही थांबेना. 'कबड्डी, कबड्डी' करत थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेली.

सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. परतताना सरांनी वडीगोद्रीला जीप थांबवली आणि सगळ्यांना गुळाच्या पाकातली गुडीशेव वाटली.

"जिंकले वाटतं?" दुकानदारानं विचारलं.

"न्हाई, हरलो," सर म्हणाले. "बांधा अजून पाव किलो."

परवा वहिनींनी सरांची पत्र्याची पेटी माझ्यापुढं ठेवली. आत टेपरेकॉर्डर, कॅसेटी आणि सेलच्या दोन पुड्या. एकीवर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'नवे, मोजायला.' दुसरीवर, 'जुने, ऐकवायला.'

तळाशी बिननावाची एक कॅसेट होती. मी दुकानातून ताजे सेल आणून ती लावली. 'कबड्डी, कबड्डी, कब', मग खोकला, मग सरांचं एकट्याचं हसणं. आतल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सात सेकंद. नव्या सेलवर.'

सुमन आता वडीगोद्रीला पीटी शिकवते. ती भेटायला आली तेव्हा मी तिला जुन्या सेलची पुडी दाखवली. तिनं अक्षरं दोनदा वाचली.

"तरीच आज्याचा आवाज," ती म्हणाली, आणि डोळे पुसून हसली.

टेपरेकॉर्डर आणि जुने सेल ती घेऊन गेली. सरांची कॅसेट माझ्याकडे आहे.